गाळलेला प्रश्न

लाल दिवा लागला तेव्हा रेवू हसत होती. सशाच्या तोंडासारखा तो मऊ मुखवटा तिला फार आवडायचा. मिरजेतल्या त्यांच्या अंगणवाडीत दर तीन महिन्यांनी तो तोंडावर धरला की ती आत फू फू करायची आणि सशाचे कान हिरवे व्हायचे. या वेळी कान लाल झाले. रेवूला तो रंग जास्तच आवडला असावा. तिनं पुन्हा फुंकर मारली.

स्वरूपानं सेविकेकडं पाहिलं. सेविका यंत्राकडं बघत राहिली, वर मान करायला तयार होईना.

"परत एकदा घ्या," स्वरूपा म्हणाली.

"आता घेता येत नाही ताई. लाल झालं की कुलूप पडतंय त्याला."

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. निरोप आला होता, आणि तो अंगणवाडीतून किंवा मिरजेतून नव्हे, थेट राष्ट्रीय श्वसन सुरक्षा प्राधिकरणाकडून. रेवती अभिनंदन मगदूम, वय अकरा महिने, श्वासनमुना सकारात्मक. मंगळवारी सकाळी बालकास राज्याबाहेरील संरक्षण केंद्रात हलवण्यात येईल. उपचार पूर्ण होईपर्यंत, म्हणजे अंदाजे सहा महिने, बालक तेथेच राहील. पालकांस सोबत येता येणार नाही, रोज सायंकाळी पडद्यावर दर्शन होईल. सहकार्याबद्दल आभार.

दर्शन. हा शब्द ज्यानं लिहिला तो समोर असता तर स्वरूपानं त्याला तिथल्या तिथं विचारलं असतं, की बाबा रे, अंगावर पिणारं लेकरू आहे हे, देवळातली मूर्ती नाही. पण समोर फक्त सेविका होती, आणि तिचा काय दोष. स्वरूपानं रेवूला उचललं आणि मागं न बघता घरी आली.

यंत्राविषयी तिची तक्रार नव्हती. ती स्वतः रसायनशास्त्र शिकलेली होती. रेवू होण्याआधी चार वर्षं ती सांगलीत हळदीतलं तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती, त्यामुळं हे यंत्र काय करतं ते तिला नीट ठाऊक होतं. आपण सोडतो त्या श्वासात शेकडो प्रकारची उडून जाणारी संयुगं असतात. काही आपल्या रक्तातली, काही आपण खाल्लेल्या-हुंगलेल्या गोष्टींची. फुप्फुसात क्षयाचे जंतू असले तर त्यांच्यामुळं आणखी काही संयुगं त्यात मिसळतात. मोठा माणूस खोकून बेडका काढून देतो आणि तो तपासता येतो. लहान मूल बेडका गिळून टाकतं. पूर्वी त्यासाठी तान्ह्या मुलांच्या नाकातून पोटापर्यंत नळी घालावी लागे. औषधांना दाद न देणारा क्षय पसरायला लागल्यावर हे सशाचं तोंड आलं आणि नळी गेली. आत केसाहून पातळ पट्ट्या, प्रत्येक पट्टी ठरावीक संयुगांना चिकटवून घेणारी. कुठल्या पट्टीवर किती चिकटलं याचा एक नकाशा होतो, आणि संगणक तो नकाशा आजारी आणि निरोगी मुलांच्या हजारो नकाशांशी ताडून बघतो.

खरी मेख तिथं होती. निरोगी म्हणजे काय, हे यंत्राला आधी कोणीतरी शिकवावं लागतं. त्याला पायारेषा म्हणतात. पायारेषा चुकली की पुढचं सगळं चुकतं, आणि तेही अगदी छातीठोकपणे.

पहिली दोन वर्षं ही तपासणी राज्याचं आरोग्य खातं करत होतं. मिरजेत डॉ. शबाना मुजावर बघायच्या. लाल आलं तर पुन्हा तपासणी, मग एक्सरे, मग औषधं, आणि सगळं घरी, आईच्या मांडीवर. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका मुलाला खरोखरच क्षय निघाला होता. तो असाच घरी बरा झाला आणि आता सायकल शिकतोय. यंदा केंद्राचा नवा कायदा आला. एक देश, एक पायारेषा, अशी जाहिरात बसथांब्यांवर लागली. राज्याचे डॉक्टर, सेविका, यंत्रं, सगळ्यांवर प्राधिकरणाचा ताबा आला. पगार मात्र राज्यच द्यायचं.

दोन आठवड्यांपूर्वी प्राधिकरणाची पांढरी गाडी पहिल्यांदा त्यांच्या गल्लीत आली होती. रुक्साना बागवानच्या झैदला घेऊन गेली. आठ महिन्यांचा झैद. रुक्साना गाडीमागं पळाली नव्हती की ओरडली नव्हती, नुसती दारात उभी होती आणि तिच्या हातात झैदची एक चप्पल होती. स्वरूपा तेव्हा गॅलरीत होती. तिनं रेवूला घट्ट धरलं आणि आत येऊन दार लावून घेतलं. आपल्याकडं नको यायला, एवढंच तिच्या मनात आलं होतं. आता आलं.

अभिनंदन द्राक्षांच्या शीतगृहात पाळीवर होता, तो धावत घरी आला. त्यानं निरोप दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचून म्हणाला, "सहा महिने म्हणजे तसे जास्त नाहीत."

"कुणाला जास्त नाहीत?"

"तसं नव्हे गं. पण सरकार आहे, शत्रू आहे का? खरंच तिला काही असलं तर?"

"असलं तर मुजावर मॅडम आहेत. दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. माझी पोरगी आजारी असली तर तिला औषध पाहिजे, दुसरा प्रांत कशाला पाहिजे?"

तो गप्प झाला. असा तो नेहमी गप्प व्हायचा, आणि एरवी तिला त्याचं तेवढं काही वाटत नसे. आज त्या गप्प बसण्याचा तिला इतका राग आला की ती उठून स्वयंपाकघरात गेली.

तिथं आत्ती, म्हणजे तिच्या सासूबाई, कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते. "एवढी रोज धुरी देतोय मी पोरीला," त्या म्हणाल्या, "तरी छातीत शिरलंच कसं ते?"

"आत्ती, मी बंद करायला सांगितली होती ना धुरी?"

"सांगितली होतीस. आन् आज सकाळी कुणी निखारं मागितलं माझ्याकडं?"

स्वरूपा त्यांच्यासमोर खाली बसली.

तिनंच मागितले होते. गोवरीचे निखारे, त्यावर ओवा, वेखंडाचा तुकडा, बाळंतशोपा, लसणाची सालं. हा धूर बाळाला वाईट, असं म्हणून ती सहा महिने आत्तींशी भांडत आली होती. आणि आज सकाळी रेवूचं नाक जरा वाहतंय म्हटल्यावर तिचाच धीर सुटला होता. तपासणीआधी छाती मोकळी झालेली बरी म्हणून तिनं स्वतः रेवूला दुपट्यात गुंडाळून निखाऱ्यावर धरलं होतं, नेहमीपेक्षा जास्त वेळ, मूठभर ओवा जास्त टाकून.

ओवा. ओव्यात थायमॉल, हे कुणीही सांगेल. पण ओव्याच्या तेलात सायमीनही भरपूर असतं. आणि क्षयाच्या श्वासात जी संयुगं शोधतात त्यात सायमीनचं नाव तिनं कधीतरी वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉ. मुजावरांच्या दारात उभी होती. मॅडमनी तिला दवाखान्यात बोलावलं नाही, घराच्या मागच्या अंगणात बसवलं. तिनं ओव्याचं सांगायला सुरुवात केली आणि त्यांनी हात वर केला.

"माहितेय. पहिल्याच महिन्यात कळलं होतं आम्हाला. धुरीची, लोबानची, कापराची, सगळ्या घरांतली मुलं लाल यायला लागली. म्हणून राज्याच्या पद्धतीत आम्ही पहिलाच प्रश्न घातला, दोन दिवसांत बाळाला धूर दिला का? दिला असला तर दोन दिवसांनी या. इतकं साधं."

"मग तो प्रश्न गेला कुठं?"

"प्राधिकरणानं गाळला. म्हणे प्रत्येक राज्याचे वेगळे प्रश्न नकोत, त्यानं आकडे जुळत नाहीत. त्यांची पायारेषा चार मोठ्या शहरांतल्या, बंद खोल्यांतल्या मुलांवर बेतलेली आहे. तिथं कोण देतंय धुरी?"

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"मी लिहिलं, जिल्ह्यानं लिहिलं, मुंबईनं लिहिलं. आता राज्य सरकारच केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलंय. तारखा पडतायत."

"आणि तोवर?"

मॅडमनी सरळ सांगितलं, की लाल आलेल्या मुलाची पुन्हा तपासणी करायला त्यांना बंदी आहे. त्यांनीच काय, कुठल्याही प्रयोगशाळेनं त्या मुलाचा श्वास तपासला तर गुन्हा. दाद मागायची ती प्राधिकरणाकडंच, संकेतस्थळावर. आणि त्याचं उत्तर साठ दिवसांत.

"म्हणजे ज्यानं चूक केली त्यालाच विचारायचं, की बाबा, तू चुकलास का?"

"हो. मी नोकरीतली बाई आहे स्वरूपा. मी तुला काही सांगितलेलं नाही." मग फाटकापर्यंत सोडायला येऊन त्या हळूच म्हणाल्या, "कोल्हापूरला सुजाता ऐवळे म्हणून वकील आहेत. त्या नोकरीत नाहीत."

घरी येईतो स्वरूपाचा राग पार थंड आणि टोकदार झाला होता. रेवूचा श्वास तपासायचा नाही. ठीक. तिनं निरोपासोबत आलेला आदेश उघडला, शब्द शब्द वाचला. आदेशात बालक होतं. बालकाच्या बापाचा त्यात उल्लेख नव्हता.

"अभि, शर्ट काढ," ती म्हणाली.

असा तमाशा त्या घरात पूर्वी झाला नसेल. पस्तिशीचा, बऱ्यापैकी पोट सुटलेला माणूस चादर पांघरून निखाऱ्यांवर ओणवा बसला होता आणि खोकत होता. आत्ती ओवा टाकत होत्या. त्या कालपासून पहिल्यांदाच जरा मोकळ्या झाल्या होत्या. "बारकेपणी हातात गावत न्हवतास धुरीला," त्या म्हणाल्या. "आता बस गुमान. लग्न झाल्यावर सुटलो आसं वाटलं व्हय तुला?"

"पुरे की आई."

"पुरे म्हणायचं काम बायको करंल."

रेवू हे बघून टाळ्या पिटत होती. अभिनंदन डोळे पुसत, नाक ओढत बसून राहिला, आणि चादरीतून त्याचा आवाज आला, "स्वरूपा, याचा काही उपयोग होणार असला तर मी रोज बसतो." कालचं ते गप्प बसणं तिनं त्या क्षणी त्याला माफ करून टाकलं.

सांगलीच्या त्या प्रयोगशाळेचे गोसावी सर सज्जन पण घाबरट. गेटवरच त्यांनी सांगितलं, की पोरीला आत आणू नकोस, माझा परवाना जाईल.

"पोरीला आणलंच नाही सर. नवऱ्याला आणलंय."

सरांनी अभिनंदनकडं पाहिलं. त्याच्या अंगाला अजून ओव्याचा भपकारा येत होता. मग सरांच्या मिशीत काहीतरी हललं. "हळदीच्या प्रयोगशाळेत नवरे तपासायला मनाई आहे असं मी तरी कुठं वाचलेलं नाही," ते म्हणाले.

अभिनंदननं पिशवीत श्वास सोडला. स्वरूपानं तो स्वतःच्या हातानं यंत्राला जोडला. हळदीच्या तेलातले घटक एकेक करून वेगळे काढणारं ते जुनं यंत्र, त्याची घरघर तिच्या ओळखीची होती. पडद्यावर आलेख सरकायला लागला आणि सायमीनच्या जागी असा सुळका उठला की चौकटीच्या बाहेर गेला. रविवारी त्यांनी पुन्हा श्वास घेतला, मधले दोन दिवस बिनधुरीचे. त्या जागी आलेख सपाट होता. गोसावी सरांनी दोन्ही कागदांवर सही केली.

मधल्या शनिवारी ती कोल्हापूरला जाऊन आली होती. सुजाता ऐवळे पन्नाशीच्या, आवाज चढवायची गरज न पडणाऱ्या बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चुकीचं यंत्र ही तुझी बाजू झाली. पण यंत्र बरोबर असतं तरी यांना मुलाला असं नेता येतं का, हा माझा प्रश्न आहे. आपण दोन्ही घेऊ. तुझ्या मनात राग आहे ना? असू दे. पण कोर्टात तो माझ्याकडं दे."

मग त्यांनी तिला समजावून सांगितलं. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत कोणी कशावर कायदा करायचा याच्या तीन याद्या आहेत. एक केंद्राची, एक राज्यांची, एक दोघांची. सार्वजनिक आरोग्य, दवाखाने हे राज्यांच्या यादीत. दोघांच्या यादीत मात्र साथीच्या रोगांबद्दल एक नोंद आहे, आणि केंद्रानं त्या नोंदीचा आधार घेतलाय. दोघांच्या यादीत केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. "तिथं ते भक्कम आहेत," बाई म्हणाल्या. "तेवढंच मला नडतंय."

रविवारी दुपारी रेवू अंगावर पीत होती. पिता पिता आईच्या मंगळसूत्राशी खेळायची तिची सवय. परवा सकाळी ती गाडी येणार होती, आणि हे तोंड, हा हात, हे सगळं कुणा परक्या बाईच्या हातमोज्यांत जाणार होतं. रडून उपयोग नव्हता. स्वरूपानं एका हातानं फोनवर ती नोंद उघडली. शाळेत नागरिकशास्त्राला वीस गुणांपुरतं पाठ केलेलं संविधान तिनं त्यानंतर कधी उघडलं नव्हतं. ती नोंद तिनं वाचली, मग पुन्हा वाचली, आणि इतक्या झटक्यानं उठून बसली की रेवूचं पिणं सुटलं आणि ती भोकाड पसरून रडायला लागली.

तिनं रडणाऱ्या रेवूला खांद्यावर टाकून वकीलबाईंना फोन लावला. "मॅडम, ती नोंद नुसती साथीच्या रोगांची नाहीये. रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू नये, यासाठी आहे. माझी रेवू आजवर मिरज सोडून गेलीय ती फक्त सांगलीला. तिला राज्याबाहेर नेणार आहेत ते हेच लोक."

पलीकडं सुजाता ऐवळे हसल्या. "पोरीला शांत कर आधी," त्या म्हणाल्या. "आणि उद्या तिला घेऊन ये."

सोमवारी कोल्हापूरच्या खंडपीठापुढं सुनावणी झाली. प्राधिकरणाच्या बाजूनं त्यांचे ज्येष्ठ वकील होते, आणि त्यांच्या शेजारी विभागाचा समन्वयक निनाद सबनीस, पुण्याचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. बाहेर त्यानं स्वरूपाला नमस्कार करून सांगितलं होतं, की वहिनी, मला तुमच्या भावना समजतात, पण आम्ही संपूर्ण देशाचा विचार करतो. ती त्याला म्हणाली होती, की मग या देशात मिरज येते का तेवढं बघून घ्या.

त्यांचे वकील बोलले ते खोटं नव्हतं. जंतूला सीमा कळत नाही, एका राज्यानं ढिलाई केली तर शेजारच्या राज्यातली मुलं मरतात, म्हणून पद्धत एकच हवी. स्वरूपाला यातलं पहिलं अर्धं पटलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. खऱ्या भीतीच्या पाठीवर बसून ही माणसं कुठवर जाणार होती?

सुजाता ऐवळेंनी आवाज चढवला नाही. गोसावी सरांचे दोन आलेख त्यांनी पुढं ठेवले. न्यायमूर्ती चष्म्यातून बघत म्हणाले, की हा श्वास बालकाचा आहे का? नाही, बालकाचा तपासायला बंदी आहे, म्हणून बापाचा आहे. न्यायमूर्तींनी मागं बसलेल्या अभिनंदनकडं पाहिलं. अभिनंदन अवघडून उभा राहिला आणि त्यानं नमस्कार केला. कुणीतरी हसलं.

मग बाईंनी ती नोंद वाचली. वाचून झाल्यावर न्यायमूर्ती प्राधिकरणाच्या वकिलांकडं वळले आणि त्यांनी विचारलं, की हे बालक कधी राज्याबाहेर गेलंय? नाही. जाण्याची शक्यता आहे? आदेशाप्रमाणं, उद्या सकाळी.

"म्हणजे तुमच्या म्हणण्याप्रमाणं या बालकाला संसर्ग आहे," न्यायमूर्ती सावकाश म्हणाले. "संसर्ग राज्याबाहेर जाऊ नये म्हणून हा कायदा आहे. आणि त्या कायद्याखाली तुम्ही त्याला राज्याबाहेर नेताय."

रेवूनं तेवढ्यात शेजारच्या बाईच्या फाइलीचा कोपरा तोंडात घातला होता.

आदेश छोटा होता. जीविताचं आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचं संरक्षण तान्ह्या मुलालाही आहे. त्याच्या आईचं म्हणणं न ऐकता त्याला तिच्यापासून तोडता येणार नाही. कायदा वैध की अवैध ते सर्वोच्च न्यायालय ठरवील. तोवर या बालकाची फेरतपासणी मिरजेतल्या सरकारी दवाखान्यात, आईच्या समोर, धुराचा प्रश्न विचारून व्हावी. औषध लागलं तर तेही तिथंच.

बुधवारी डॉ. मुजावरांनी स्वतःच्या हातानं सशाचं तोंड धरलं. रेवूनं फू केलं. कान हिरवे झाले. रेवूनं पुन्हा फुंकर मारली, मग आणखी एकदा, आणि लाल काही होईना म्हणून तिचा ओठ थरथरायला लागला. त्या हिरव्या कानांकडं बघत स्वरूपा दवाखान्याच्या बाकावर बसली आणि इतक्या दिवसांचं जे रडायचं राहिलं होतं ते रडली.

त्या संध्याकाळी अभिनंदन पेढे घेऊन आला. "संपलं एकदाचं," तो म्हणाला. तेवढ्यात दाराशी रुक्साना आली. तिनं पेढा घेतला, रेवूच्या गालाला हात लावला आणि उभीच राहिली.

"भाभी," ती म्हणाली, "आमच्या घरी गुरुवारी लोबान असतो. झैदची तपासणी शुक्रवारी होती. मला कुणी विचारलंच नाही."

स्वरूपाच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"पडद्यावर दाखवतात रोज. आधी माझा आवाज आला की बघायचा. आता बघत नाही. ती हातमोजेवाली बोलली की बघतो."

स्वरूपानं लगेच कोल्हापूरला फोन लावला. सुजाता ऐवळेंनी खोटा धीर दिला नाही. आदेश फक्त रेवूपुरता होता. झैदसाठी वेगळी याचिका करावी लागेल, त्या करतीलही. पण समोरून काय येणार ते त्यांना दिसत होतं. मूल आता महाराष्ट्रात नाही, तेव्हा इथल्या न्यायालयाला हक्क नाही, तिकडं जा, असं ते म्हणतील. अगदी तसंच झालं. याचिका दाखल झाली, समोरून हद्दीचा मुद्दा आला, आणि सुनावणीला पुढची तारीख मिळाली.

स्वतःच उचलून हद्दीबाहेर न्यायचं आणि मग हद्द दाखवायची. स्वरूपा हे वाक्य भांडी घासताना म्हणायची, रेवूला न्हाऊ घालताना म्हणायची. अभिनंदन एकदा म्हणाला, की आपली सुटली ना गं, आता किती जाळून घेशील स्वतःला. ती त्याला म्हणाली, की मी गॅलरीतून बघत होते अभि, आणि दार लावून घेतलं होतं. ते दार परत लावायला सांगू नकोस.

तिनं ठरवलं ते कुणाला विचारून ठरवलं नाही. फक्त आत्तींना सांगितलं, रेवूला सकाळी जरा सांभाळा म्हणून.

पुढची तपासणी महिन्याभरानं, वरच्या गल्लीतल्या मुलांची होती. अंगणवाडी उघडायच्या आधीच स्वरूपा दाराशी जाऊन उभी राहिली. रुक्साना तिच्याबरोबर होती. बाया पोरं कडेवर घेऊन यायला लागल्या. स्वरूपा प्रत्येकीला तोच प्रश्न विचारत होती, काल-परवा बाळाला धुरी दिलीय का? बहुतेक जणी दिलीय म्हणत होत्या. धुरी द्यायची नाही तर काय करायचं, असं एकीनं उलट विचारलंही. मग घरी जा, दोन दिवस देऊ नका आणि परवा या, असं स्वरूपा सांगत होती. एक म्हातारी नातवाला घेऊन तरातरा आत निघाली होती. तिला रुक्सानानं हाताला धरून थांबवलं आणि फोनवर झैदचा फोटो दाखवला. म्हातारी मागं वळली.

आत सशाचं तोंड टेबलावर पडून होतं. सेविका खिडकीतून बघत होती आणि पदर तोंडाला लावून बहुतेक हसत होती.

दहाच्या सुमाराला निनाद सबनीसची गाडी आली. तो उतरला, त्यानं रिकामी अंगणवाडी पाहिली, परत चाललेल्या बाया पाहिल्या, आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "वहिनी, हे बरोबर नाही. हा शासकीय कामात अडथळा होतो."

"मी कुणाला अडवलेलं नाही. नुसतं विचारतेय."

"पण कुठल्या अधिकारात विचारताय तुम्ही?"

स्वरूपाला वाटलं होतं की ही वेळ आली तर आपला आवाज कापेल. नाही कापला.

"हा प्रश्न आधी होता," ती म्हणाली. "आमच्या राज्यानं घातलेला. तो तुम्ही कुठल्या अधिकारात काढून टाकलात, तेवढं मला लेखी द्या. आणि झैद बागवानला परत आणून द्या. मग मी घरी जाते."

सबनीसनं फोन काढला आणि कुणाशी तरी बोलत बाजूला गेला. पोलिसांना बोलावत असेल. बोलावू दे. रस्त्याच्या वळणावरून एक अगदी कोवळी आई येत होती, पहिलटकरीण असावी, बाळाला धरायची नीट सवयही झालेली नव्हती. दारातल्या दोन बायांना बघून ती बिचकली.

"काल-परवा धुरी दिलीस का गं बाळाला?" स्वरूपानं विचारलं.

तिनं मान हलवली. नाही.

आणि दाराच्या दुसऱ्या बाजूनं रुक्सानानं विचारलं, "लोबान?"